दारात उभा असलेला एकोणीस वर्षांचा वडीलधारा

निशी-कासाईला आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दोन मॉर्मन मिशनरी पोरं घामानं निथळत दारात उभी होती आणि त्यांनी माझ्या घरचा चहा नाकारला. नुसता चहाच नाही, आत येणंही नाकारलं. ऑगस्टातलं तोक्यो म्हणजे मे महिन्यातल्या मुंबईची सख्खी बहीण. अशा उन्हात सायकल हाणत आलेल्या माणसाला ‘आधी आत या, पंख्याखाली बसा’ म्हणायचं, हे आईनं अंगात मुरवलेलं. पण पोरं उंबऱ्याबाहेरच. त्यातला जरा थोराड दिसणारा जपून, शब्द जुळवत जपानीत म्हणाला, ‘घरात तुम्ही एकट्याच आहात, त्यामुळे आम्हाला आत येता येणार नाही. माफ करा.’ शेवटी फ्रिजमधला मुगिचा ग्लासात ओतून दिला. मुगिचा म्हणजे भाजलेल्या सातूचं गार पाणी. नावात ‘चा’ असला तरी त्यात चहाची पत्ती नसते, म्हणून तो त्यांना चालतो. दोघांनी उभ्याउभ्या दोन-दोन ग्लास रिचवले.

शर्टाच्या खिशावर काळी पाटी होती. तिच्यावर आडनाव आणि आडनावापुढे चिनी लिपीतली दोन कांजी अक्षरं : चोरो. मराठी कानाला हा शब्द भलतंच काही सुचवतो, पण जपानीत त्याचा अर्थ ज्येष्ठ, वडीलधारा, चार पावसाळे जास्त पाहिलेला. इंग्रजीतल्या ‘एल्डर’साठी तिथल्या चर्चनं तो घेतलाय. ज्याच्या छातीवर ती पाटी होती त्याला अजून धड मिशी फुटलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याऐवजी दोन मुली आल्या. त्यांच्या पाटीवर ‘शिमाई’, म्हणजे सिस्टर. त्या आत आल्या, बसल्या, आणि पुढचे काही महिने अधूनमधून येत राहिल्या. मी धर्म बदलणाऱ्यांतली नाही हे त्यांना दुसऱ्या भेटीतच कळलं असावं. मला त्यांच्या देवापेक्षा त्यांच्या दिनक्रमात जास्त रस होता. पुण्यात जपानी शिकून भाषांतरावर पोट भरणाऱ्या बाईसमोर कुणी ‘आम्ही नऊ आठवडे जपानी शिकून आलो’ म्हटलं, तर ती दुसरं काय विचारणार? तेव्हा त्यांना जे विचारलं आणि नंतर मी जे वाचत गेले, त्यावरून हे लिहिते आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही मुलं धर्म पसरवायला जातात. जातात खरी. पण प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला मुख्यतः दोन गोष्टी येतात : दिवसभर ‘नको’ ऐकणं, आणि दोन वर्षं एक तासही एकटं न राहणं.

आधी हे कोण ते थोडक्यात. ‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेलं नाव. संस्थेचं खरं नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘आम्हाला पूर्ण नावानंच ओळखा’ असं जाहीरच केलं. लोक ऐकत नाहीत, मीही इथे सोयीसाठी मॉर्मनच म्हणणार आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. आज मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बायबलच्या जोडीला त्यांचा स्वतःचा ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ आहे. अनेक बायका करण्याची प्रथा आपल्याकडे सगळ्यांना आठवते, ती चर्चनं १८९० मध्ये अधिकृतपणे सोडायला सुरुवात केली. दारूसोबत तंबाखू, कॉफी आणि चहासुद्धा वर्ज्य. म्हणजे माझा चहा नाकारला तो उद्धटपणा नव्हता. तो त्यांचा नेम होता.

बोलावणं

मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं मिशनवर जायचं, ही त्यांच्यात जवळजवळ गृहीत धरलेली गोष्ट. कायद्यानं सक्ती नाही, पण यूटासारख्या ठिकाणी न गेलेल्या मुलाला ‘का नाही गेलास?’ हा प्रश्न लग्न ठरेपर्यंत चुकत नाही. लग्न ठरताना तर मुळीच नाही. मुलींसाठी मुदत दीड वर्ष आणि सक्तीचा सूरही नाही. पूर्वी मुलांना एकोणीस आणि मुलींना एकवीस पूर्ण लागायचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही वयं अठरा आणि एकोणीसवर आली, आणि त्यानंतर मुलींची संख्या एकदम वाढली. नोव्हेंबर २०२५ पासून मुलींनाही अठराव्या वर्षी जाता येतं. आज जगभर सत्तर हजारांहून जास्त मिशनरी असतात. त्यांचे विभाग, ज्यांनाही ते ‘मिशन’च म्हणतात, साडेचारशेहून जास्त आहेत.

अर्ज भरला की आधी स्थानिक बिशप आणि मग त्याच्या वरचा अधिकारी मुलाखत घेतो. बिशप म्हणजे झगा घातलेले धर्मगुरू नव्हेत. यांच्याकडे पगारी पुरोहितच नसतो, तेव्हा बिशप एरवी दातांचा डॉक्टर किंवा विमा एजंटही असू शकतो. प्रश्न सरळ असतात : श्रद्धा आहे का, ब्रह्मचर्य पाळतोस का, काही लपवलंयस का. मग वैद्यकीय तपासणी, लशी, दात. परदेशात ऐन वेळी दाढ ठणकायला नको म्हणून अनेकांच्या अक्कलदाढा मिशनवर जाण्याआधीच काढून टाकतात. हे ऐकून मी जे हसले, ते त्या मुलींना समजावून सांगताना माझ्या जपानीची वाट लागली.

देश आपण निवडायचा नाही. सॉल्ट लेक सिटीत चर्चच्या प्रेषित-मंडळातली एक व्यक्ती प्रत्येकाचा अर्ज आणि फोटो पाहून ठरवते. त्यांच्या श्रद्धेनुसार हा निर्णय देवाच्या प्रेरणेनं होतो. पूर्वी मोठा पांढरा लिफाफा टपालानं यायचा, २०१८ पासून पत्र ऑनलाइन येतं. पण ते उघडताना सगळं घर गोळा करायचं, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं, आणि पत्र मोठ्यानं वाचायचं हा सोहळा तसाच राहिलाय. दहावीचा निकाल आणि बदलीची ऑर्डर एकाच पाकिटात आली तर घरात जसा श्वास रोखला जाईल, तसं काहीसं. कुणाला ब्राझील निघतं, कुणाला घाना, कुणाला शेजारचंच आयडाहो. आयडाहो निघालेल्याचा चेहरा पडतो. पडला तरी दाखवायचा नसतो.

पगार नाही. उलट घरच्यांनी किंवा मुलानं स्वतः पैसे भरायचे. अमेरिकेसारख्या देशांतून जाणाऱ्यांसाठी २०२० पासून हा आकडा महिन्याला ५०० डॉलर आहे, आधी ४०० होता. मुलांचे दोन वर्षांचे १२,००० डॉलर होतात. गंमत अशी की तोक्योला जा नाहीतर लिमाला, रक्कम तीच. सगळे पैसे एका हंड्यात जातात आणि तिथून प्रत्येक मिशनचा खर्च भागतो. घरभाडं मिशनचं कार्यालय भरतं, किराणा आणि किरकोळ खर्चासाठी दरमहा कार्डावर बेताची रक्कम येते. शाळेत असल्यापासून गवत कापून आणि पिझ्झा पोचवून मिशनसाठी पैसे साठवलेली मुलं पुष्कळ. ज्यांना झेपत नाही, विशेषतः गरीब देशांतून जाणाऱ्यांना, त्यांचा भार मंडळीचा निधी उचलतो. आपल्याकडे एके काळी शिकणारी मुलं माधुकरी मागून राहायची. इथे पदरमोड करून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि मागायचं काय, तर ऐकून घेण्याची दहा मिनिटं.

नऊ आठवडे

परदेशी भाषेत काम करायचं असेल तर आधी प्रशिक्षण केंद्र. सगळ्यात मोठं यूटातल्या प्रोव्होला, तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. इंग्रजीतच काम करणाऱ्यांची दोन-तीन आठवड्यांत बोळवण होते. स्पॅनिशवाल्यांना सहा आठवडे, जपानीसारख्या भाषेला नऊ. कोविडनंतर यातला सुरुवातीचा भाग घरबसल्या ऑनलाइन होतो.

पद्धत माझ्या पेशातल्या माणसाला हेवा वाटावा अशी. पहिल्याच दिवशी शिक्षक वर्गात येतो आणि फक्त जपानी बोलतो. हा शिक्षक बहुधा जपानहून मिशन करून आलेला कॉलेजचा विद्यार्थी असतो. पहिल्या आठवड्यातच, ‘ही एक जपानी व्यक्ती आहे, जा, तिला देवाबद्दल सांग’ म्हणून एका खोलीत ढकलतात. आत शिक्षकच जपानी माणसाचं सोंग घेऊन बसलेला असतो. पोरगं घाम पुसत चिठ्ठीवरून वाचतं. आधी काय येतं, तर प्रार्थना करता येते आणि ‘मला हे खरं आहे असं वाटतं’ म्हणता येतं. ‘लिंबू कुठे मिळेल?’ किंवा ‘सायकल पंक्चर झालीय’ येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना ‘प्रायश्चित्त’ आणि ‘पुनरुत्थान’ यांचे जपानी शब्द तोंडपाठ होते, पण कचऱ्याच्या वेळापत्रकातलं ‘न जळणारा कचरा’ त्यांनी मला वाचायला लावलं. भाषा उलट्या टोकानं शिकल्यावर असं होतं. तरी सहा महिन्यांत त्यातली एक इतकं सहज बोलायला लागली की मला माझ्या पुण्यातल्या चार वर्षांची लाज वाटली. कारण सोपं आहे : आम्ही वर्ग सुटल्यावर मराठी बोलायचो.

जपानसाठी धार्मिक कामाचा वेगळा व्हिसा लागतो. कोणत्याही देशाच्या व्हिशाला उशीर झाला तर मुलगा काही आठवडे अमेरिकेतच कुठेतरी काम करत बसतो. अशांना ‘व्हिसा वेटर’ म्हणतात. त्याला येते जपानी आणि तो दारं ठोठावतो टेक्ससमध्ये.

जोडीदार

मिशनबद्दल विचारलं की लोक देवाबद्दल बोलतात, पण खाजगीत विचारलं तर बोलतात कंपॅनियनबद्दल. जपानी मिशनमध्ये त्याला ‘दोर्यो’ म्हणतात, म्हणजे सहकारी. नियम असा की दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. अपवाद न्हाणीघराचा. झोपायचं एकाच खोलीत, जेवायचं एकत्र, बाजारात एकत्र, डॉक्टरकडे एकत्र. जोडी मिशन-अध्यक्ष लावतो. हा अध्यक्ष म्हणजे आपला धंदा-नोकरी बाजूला ठेवून बायकोसह तीन वर्षांसाठी आलेला प्रौढ गृहस्थ, दीडदोनशे पोरांचा पालक. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. जोडी तीच राहील, तुटेल, किंवा तुम्हाला सामान बांधून दुसऱ्या शहराची ट्रेन पकडावी लागेल.

एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. ‘एल्डर अमुक’, ‘सिस्टर तमुक’, झोपेतून उठवतानासुद्धा. घोरणारा, मिठाची गुळणी धरून बसणारा, रोज अर्धा तास आरशासमोर घालवणारा, तुमच्याहून जास्त भाविक किंवा अजिबात नसलेला, जो वाट्याला येईल तो येईल. भांडण झालं तर दार आपटून बाहेर जायची सोय नाही, कारण तुम्ही बाहेर गेलात की त्यालाही यावं लागणार. आपल्याकडे नव्या सुनेला एकत्र कुटुंबात माजघरात जी कोंडी होत असे, ती मला आठवली. फरक एवढाच की सुनेला माहेर होतं आणि यांना सहा आठवड्यांनी बदली.

एका सिस्टरनं मला सांगितलेली गोष्ट. तिची पहिली जोडीदारीण जपानी होती, ओसाकाची. दोघींचं तीन आठवडे पटलं नाही आणि कशावरून पटत नाही हे सांगण्याइतकी भाषा दोघींकडे नव्हती. एका रात्री ओसाकाची मुलगी तांदूळ धुताना रडायला लागली. ही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि काय बोलावं ते न कळून तांदूळ धुवायला लागली. ‘आम्ही दोघींनी मिळून तांदूळ इतके धुतले की त्यांचा वास गेला,’ ती म्हणाली. त्यानंतर जमलं.

पहिल्या बारा आठवड्यांसाठी जुना मिशनरी नव्याला हाताशी धरतो. नवा तो ‘ग्रीनी’, म्हणजे अजून हिरवाच. शेवटचे दोन महिने उरलेला आणि मनानं घरी पोचलेला तो ‘ट्रंकी’, म्हणजे ज्याची ट्रंक भरून झालीय असा. ग्रीनीला ट्रंकी जोडीदार मिळणं हे पत्रिकेतल्या मंगळासारखं.

दिवस साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, न्याहारी, मग ग्रंथवाचन, जोडीनं अभ्यास, भाषेचा अभ्यास, आणि दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परत, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून यात देशाप्रमाणे थोडं मागेपुढे करायला मुभा आहे. सिनेमा-मालिका नाहीत, प्रेमप्रकरण नाही. समुद्रात पोहणंही नाही, म्हणजे बेटावर राहायचं आणि लाटा बघायच्या. आठवड्यातला एक दिवस ‘पी-डे’, म्हणजे प्रिपरेशन डे, तयारीचा दिवस : कपडे धुणं, केस कापणं, बाजार, घरी मेल. आता स्मार्टफोन असतो, पण त्यावर गाळण्या बसवलेल्या. मुलींना २०१८ च्या अखेरीपर्यंत सायकलवरही स्कर्टच घालावा लागे, मग पँटला परवानगी मिळाली. हेल्मेट मात्र सक्तीचं, आणि ते योग्यच, कारण तोक्योच्या गल्ल्यांत सायकल चालवताना मला तरी ट्रकपेक्षा जास्त भीती घाईतल्या शाळकरी मुलांची वाटते.

‘केक्को देसु’

आता नकारांबद्दल. जपान हे या चर्चसाठी कायमच कठीण क्षेत्र. १२ ऑगस्ट १९०१ रोजी हिबर ग्रँट तिघांना घेऊन योकोहामाला उतरले. ग्रँट पुढे चर्चचे अध्यक्ष झाले. त्या तिघांतला आल्मा टेलर जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. तो तब्बल साडेआठ वर्षं राहिला, जपानी शिकला, बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर केलं, जपानी लेखकांकडून त्याची भाषा तपासून घेतली आणि १९०९ मध्ये ते छापून आणलं. भाषांतरकार म्हणून मी या पोराला हात जोडते. आणि एवढं करून फळ काय? १९२४ मध्ये मिशन बंद झालं तोपर्यंत तेवीस वर्षांत ८८ मिशनरी येऊन गेले होते आणि बाप्तिस्मे झाले होते १६६. माणशी दोनसुद्धा नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये मिशन पुन्हा उघडलं आणि १९८० मध्ये तोक्योला आशियातलं त्यांचं पहिलं मंदिर झालं, पण आजही जपानला जाणाऱ्याला आधीच सांगून ठेवतात की आकड्यांची आशा धरू नकोस.

नकारही कसा, तर सौम्य. बेल वाजवली की इंटरफोनवरून आवाज येतो : ‘केक्को देसु.’ शब्दशः अर्थ ‘छान आहे’, ‘पुरेसं आहे’. ग्रीनीला वाटतं, वा, छान म्हणाली! तो उत्साहानं पुढचं वाक्य सुरू करतो आणि इंटरफोन बंद. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पंगतीत ‘असू दे, असू दे’ म्हणत पानावर आडवा धरलेला हात आपण रोज बघतो. परक्यानं त्याचा शब्दार्थ घेतला तर तो वाढतच राहील.

कुणी ऐकून घेतलं तरी पुढची वाट सोपी नसते. बाप्तिस्म्याआधी माणसानं चहा-कॉफी, दारू, तंबाखू सोडायची, लग्नाबाहेरचे संबंध ठेवायचे नाहीत, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, रविवारी सभेला यायचं. जपानी नोकरदारासाठी यातली दारू देवापेक्षा मोठी अडचण. कामानंतर साहेबाबरोबर बिअर न घेणं म्हणजे तिथे जवळजवळ राजीनामा. आणि कुणाच्या घरी गेलं की समोर पहिला येतो तो हिरवा चहा. बायकोला घरातल्या बुत्सुदानचं, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्याचं, काय करायचं हा प्रश्न वेगळाच.

आकड्यांचा मोह सगळ्यांनी टाळला असंही नाही. १९७० चं दशक संपताना तोक्यो साउथ मिशनमध्ये बाप्तिस्म्यांचा धडाका उठला. रस्त्यात भेटलेल्या तरुण मुलांना थोडक्यात शिकवून लगेच पाण्यात उतरवलं जात होतं. हजारोंची नावं वहीत चढली आणि त्यातले बहुतेक पुन्हा चर्चकडे फिरकले नाहीत. ती नावं शोधत फिरायचं काम नंतरच्या पिढ्यांच्या मिशनऱ्यांवर आणि तिथल्या मोजक्या जपानी सभासदांवर पडलं. धर्मांतराचे आकडे मोजणाऱ्या कुठल्याही संस्थेनं हे प्रकरण वाचावं, आणि त्यांच्या विरोधकांनीही.

मिशनरी फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतात, ‘एइकाइवा’. आठवड्यातून एकदा, शेवटी थोडी धर्माची गोष्ट. मला हा प्रकार अर्धा आवडतो, अर्धा नाही. शिकवतात मनापासून, येणाऱ्या आजीबाईंना सोबत मिळते. पण गळ तो गळ, त्याला कितीही चांगलं गांडूळ लावा. माझ्या ओळखीच्या एका आजीबाई अकरा वर्षं या वर्गाला जात होत्या, चोवीस-पंचवीस जोड्या पाहिल्या, प्रत्येकाला हातानं विणलेले मोजे दिले आणि बौद्ध त्या बौद्धच राहिल्या. गळाला मासा लागला होता की माशाला गळ, सांगता येत नाही.

आपल्याकडे

मराठी मुलखाशी या मंडळींचा संबंध बराच जुना आहे. स्कॉटिश मिशनरी ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात गेला. ऐकणारे मिळाले ते बहुतेक छावणीतले ब्रिटिश सैनिक, आणि तिथेही लष्करी अधिकारी नि इतर पाद्री मागे लागले. त्याच सुमारास सॉल्ट लेकहून नेमलेले तेराजण सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजानं निघाले आणि एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला पोचले. नाव मॉन्सून असून यश मात्र कोरडंच. १८५६ पर्यंत जवळजवळ सगळे परतले होते. आता १९९३ पासून बेंगळुरूला मिशन आहे आणि तिथे मंदिराचं बांधकाम २०२० मध्ये सुरू झालं. परदेशी माणसाला भारतात धर्मप्रचार करायचा तर त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर चालत नाही, आणि अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत. चीनच्या मुख्य भूमीत हे मिशनरी जातच नाहीत. रशियात २०१६ च्या कायद्यानंतर त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणवून घेऊन, रस्त्यावरचा प्रचार सोडून राहावं लागलं. पत्रावर देशाचं नाव येतं तेव्हा त्यासोबत हेही येतं.

घरची आठवण, आणि मधेच परतणं

फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच : नाताळला आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. जुने मिशनरी यावर नाक मुरडतात, ‘आमच्या वेळी...’ वगैरे. मला तरी ही त्यांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची सुधारणा वाटते. अठराव्या वर्षी, अनोळखी भाषेत, रोज शंभर बंद दारं पाहणाऱ्या पोराला आईचा चेहरा वर्षात दोनदा दिसणं ही तपश्चर्या नव्हती, उगाच केलेली उपासमार होती.

काहीजण मुदत संपायच्या आत परततात. आजारपण, नैराश्य, चिंता, किंवा श्रद्धाच उडणं. अशांना मायदेशात ‘सेवा-मिशन’ करून उरलेला काळ भरता येतो. पण विमानतळावर स्वागताचे फलक घेऊन उभं राहणारं गाव मधेच आलेल्यासाठी तितक्या संख्येनं येत नाही. अर्धवट एनडीए सोडून आलेल्या मुलाला आपल्याकडे गल्लीत जशा नजरा झेलाव्या लागतात, त्यातलीच ही गत. जाणाऱ्याच्या घरच्यांनी हे आधी बोलून ठेवावं असं मला वाटतं, जाताना नाही, पत्र उघडताना.

संकटं सांगून येत नाहीत. मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमधले मिशनरी सुखरूप होते. सेन्दाई भागातल्यांना दुसरीकडे हलवलं, आणि पुढे चर्चची माणसं पिवळी जाकिटं घालून त्सुनामीनं घरात भरलेला चिखल उपसायला गेली. तो चिखल उपसताना धर्माबद्दल बोलायची गरज नव्हती आणि कदाचित म्हणूनच ते दिवस अनेकांना सगळ्यात जास्त आठवतात. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्स विमानतळाच्या स्फोटात तीन अमेरिकी मिशनरी जखमी झाले. मार्च २०२० मध्ये तर हजारोंना थोड्याच दिवसांत मायदेशी आणावं लागलं. कुणी अर्धं मिशन झालेलं, कुणी उतरून आठवडा झालेला.

मुदत पुरी झाली की परतीच्या विमानातही पाटी छातीवरच असते. घरी पोचल्यावर स्थानिक अधिकारी ‘मुक्त’ करतो, तोपर्यंत सगळे नियम लागू. त्यानंतर पाटी काढायची, नावानं हाक, हवा तेव्हा सिनेमा. चर्चच्या विद्यापीठात परीक्षा देऊन शिकलेल्या भाषेचे गुणही पदरात पडतात.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जी लवकर जपानी बोलायला लागली होती, तिचा यूटाला परतल्यावर मला मेल आला. पहिल्यांदा एकटीनं दुकानात गेले, तिनं लिहिलं होतं, आणि दूध घेऊन रांगेत उभी असताना तीनदा मागे वळून पाहिलं, जोडीदारीण कुठे राहिली म्हणून. त्या रात्री आईनं दुसऱ्यांदा बटाट्याची भाजी वाढायला डाव पुढे केला, तर हिनं ताटावर हात धरला आणि तोंडातून निघालं, ‘केक्को देसु.’ आई म्हणाली, म्हणजे हवी की नको? आणि हिला पटकन इंग्रजी शब्दच सुचेना.